शिकवल्याप्रमाणे करावे

मी नंदुरबारच्या दवाखान्यात रुजू झालो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. वैद्यकीय शाळा सोडून तीनच वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत पुण्याकडे प्लेगच्या दोन साथींत काम केलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर आपल्याला साथ कळते असा माझा पक्का समज झाला होता. जिल्ह्याच्या साहेबांचाही माझ्याबद्दल तसाच समज झाला असावा. पहिलं महायुद्ध शेवटाकडे आलं होतं. बरेच डॉक्टर फौजेबरोबर परदेशी गेले होते आणि खेड्यापाड्यांतलं आरोग्याचं काम कंपाउंडरांवर आणि देवी काढणाऱ्यांवर, म्हणजे गावोगाव फिरून मुलांना देवीची लस टोचणाऱ्यांवर, येऊन पडलं होतं. प्लेग तर एकदोन वर्षांआड ठरल्यासारखा यायचा. तेव्हा या मंडळींना साथीत काय करायचं याचं रीतसर शिक्षण द्यावं असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

उन्हाळ्यात सहा आठवडे दवाखान्याच्या पडवीत वर्ग भरला. सात जण होते. चार देवी काढणारे, दोन कंपाउंडर आणि नगरपालिकेची एक सुईण. त्यांच्यातल्या एकाबद्दल मला लिहायचं आहे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नंदुरबारात त्यांना सगळे चाचा म्हणत. पुढे मीही म्हणू लागलो.

चाचा तेव्हा पंचेचाळिशीत होते. घराणं रंगाऱ्यांचं. भाऊ अजून रंगाच्या कढया सांभाळत होते. हे एकटे चार इयत्ता शिकले आणि सरकारी नोकरीत शिरले. वीस वर्षं तापीपासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत पायी फिरलेला माणूस. घरी हिंदुस्थानी, बाजारात अहिराणी, डोंगरात भिली, असं तिन्ही ठिकाणी त्यांना सारख्याच सहजपणे बोलता यायचं. अडायचं ते फक्त माझ्या मराठीशी. छापील ओळीखाली बोट धरून ते सावकाश वाचत. इतर देवी काढणारे गावात शिरले की बाया पोरांना घेऊन शेतात पळत, पण यांना पाहून पळत नसत असं मी ऐकलं होतं. ते म्हणे आधी लशीची पेटी आईच्या हातात देत, तिला उघडून पाहू देत, मग तिनेच हाक मारली की टोचत. मला हे ऐकून हसू आलं होतं. सरकारी पेटी बायकांच्या हातात देणं नियमात बसत नाही, असंही मी एकदा त्यांना ऐकवलं.

वर्गासाठी मी स्वतः एक पुस्तिका लिहिली होती. पहिल्या पानावर प्लेगची लक्षणं: जांघेत किंवा काखेत गाठ, आणि गावात मरून पडणारे उंदीर. पुढे सोळा कलमं. पहिलं कलम होतं, 'साथीचा संशय येताच गाव रिकामे करावे.' दुसरं होतं, 'शेतात झोपड्या घालाव्यात व दोन झोपड्यांत पन्नास पावलांचे अंतर ठेवावे.' रोज सकाळी सातही जणांकडून मी ती कलमं पाढ्यांसारखी म्हणून घ्यायचो. प्लेगमध्ये हे बरोबरच होतं. उंदीर घरात, पिसवा घरात, तेव्हा घर सोडणं हाच उपाय. मी ज्या दोन साथी पाहिल्या होत्या त्यांत ज्यांनी गाव सोडलं ते वाचले होते.

चौथ्या आठवड्यात मी कवायत घेतली. दवाखान्यामागची वीसेक घरांची एक गल्ली निवडली, तिथल्या लोकांची समजूत घातली, आणि हातात घड्याळ घेऊन ओट्यावर उभा राहिलो. शिटी वाजली की तासाभरात गल्ली रिकामी व्हायला हवी. माणसांनी अंथरूण आणि एक भांडं घ्यायचं, दाराला कडी घालायची, बाहेरच्या पडीत खडूने आखलेल्या जागी जाऊन बसायचं. प्रत्येकाला तीन घरं वाटून दिली होती. पाऊण तासात सगळ्यांची घरं रिकामी झाली. चाचांचं एक घर राहिलं. मी जाऊन पाहिलं तर आत एक दमेकरी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि चाचा तिच्या शेजारी बसून सुनेला काहीतरी सांगत होते. ही उन्हात बाहेर नेली तर दम लागून पडेल, म्हणून तिला इथेच ठेवतो आणि सुनेला तिच्याजवळ थांबवतो, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. प्लेग म्हातारी पाहून मागे फिरत नाही, एका घरासाठी तुम्ही गाव मारलंत, असं बरंच काही बोललो. त्यांच्या नावापुढे नापास असा शेरा मारला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या एकट्याकडून कवायत पुन्हा करून घेतली. त्या दिवशी त्यांनी म्हातारीला खाटेसकट उचलून बाहेर आणलं. वेळ इतरांपेक्षाही चांगली साधली. गल्लीतले लोक बघत होते. हे सगळे त्यांच्या ओळखीचे, त्यांच्या हाताने टोचलेले लोक होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी मी काही वेगळं केलं असतं असं वाटत नाही.

वर्ग संपायला दोनतीन दिवस राहिले असताना त्यांनी एक प्रश्न विचारला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, गाठ नही, उंदीर नही, नुसता ताप शे, नि घरेघर लोके पडी ऱ्हायनात. तव्हय काय करानं?"

मी म्हणालो, "संशय आला की गाव रिकामं. पहिलं कलम. तिथे विचार करत बसलात तर माणसं मरतील. विचार करायला मी आहे."

ते बसले. पुढे वर्गात त्यांनी काही विचारलं नाही. शेवटच्या परीक्षेत सोळाही कलमं त्यांनी न अडखळता म्हटली आणि मी त्यांना उत्तीर्ण केलं.

त्या वर्षी पाऊस नीट झालाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. दसऱ्याच्या आसपास सुरतेकडून येणाऱ्या गाडीतून तापाने फणफणलेली माणसं उतरू लागली. आधी स्टेशनातले हमाल पडले, मग स्टेशनाजवळची वस्ती, आणि आठवड्याभरात नंदुरबारात ज्या घरात कोणी आजारी नाही असं घर शोधावं लागेल अशी वेळ आली. अंग ठणकायचं, खोकला सुरू व्हायचा, आणि तिसऱ्याचौथ्या दिवशी छाती भरून धडधाकट तरणी माणसं जायची. इन्फ्लुएंझा हा शब्द मी वाचला होता. पण ज्याला आपण पडसं म्हणतो त्याने माणसं अशी मरतात हे माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं. दवाखान्यातली औषधं चार दिवसांत संपली. कंपाउंडर आजारी पडला. मी सकाळपासून दिवे लागेपर्यंत पडवीत उभा असे आणि लोकांना काय देत होतो ते आज आठवलं तरी लाज वाटते.

अशा एका दुपारी एक जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, दोन दिवस चालून माझ्यापुढे आला. म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाहून चाचांनी त्याला पाठवलं होतं. त्याच्या हातात घडी घातलेला कागद. मला त्या सकाळपासून डोकेदुखी होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मी वरच्या दोन ओळी वाचल्या. गावात साथ सुरू झाली आहे, अनेक घरांत माणसं पडली आहेत, हुकूम व्हावा. खाली अजून बरंच लिहिलं होतं, सावकाश काढलेल्या मोठ्या अक्षरांत. ते मी वाचलं नाही. कागद उलटा केला, पेन्सिलीने लिहिलं, 'शिकवल्याप्रमाणे करावे', खाली सही केली आणि जागल्याच्या हातात दिला. तो पाणी पिऊन लगेच परत निघाला.

त्याच संध्याकाळी मी अंथरुणाला खिळलो. नऊ दिवस मला कशाचीच शुद्ध नव्हती. शेजारच्या एका गुजर कुटुंबातली आजी मला कण्यांची पेज भरवायची आणि माझी मान उचलून पाणी पाजायची, एवढंच अंधूक आठवतं. मी वाचलो तो औषधाने नव्हे, त्या बाईमुळे. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

उठून बसता येऊ लागलं तेव्हा पहिली आठवण त्या कागदाची झाली. तरी अजून माझ्या मनात भीती अशी नव्हती. दोन दिवसांनी बैलगाडी करून निघालो. प्रकाशा गावाशी तापी नावेने ओलांडली, शहाद्यात मुक्काम केला, आणि म्हसावदवरून पुढे त्या गावी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं.

गाव रिकामं होतं. प्रत्येक दाराला कडी. गल्लीत एक कुत्रं तेवढं बसलेलं. गावाबाहेर पडलो आणि शेतात झोपड्या दिसल्या. कडबा नव्हताच त्या वर्षी, म्हणून कपाशीच्या पळाट्या आणि फाटकी पोती लावून केलेल्या. एकीपासून दुसरी बरोबर पन्नास पावलांवर. इतकी सरळ रांग मी नंदुरबारच्या कवायतीतसुद्धा पाहिली नव्हती. रांगेच्या मधोमध चाचा खांद्यावर घागर घेऊन चालले होते. मला पाहून त्यांनी घागर खाली ठेवली नाही. समोरच्या झोपडीत गेले, आतल्या माणसांना पाणी पाजलं, मग बाहेर येऊन सलाम केला.

काय झालं ते त्यांनी चालता चालता सांगितलं. हुकूम हातात पडल्यावर एका दिवसात त्यांनी गाव बाहेर काढलं. पाटील तयार नव्हता. त्याला माझी सही दाखवली. पहिले दोन दिवस बरे गेले. मग एकेका झोपडीत सगळीच्या सगळी माणसं एकदम पडली. विहीर गावात राहिली. थंडी सुरू झालेली, अंगावर पुरेसं पांघरूण नाही. पन्नास पावलांवरच्या झोपडीत कोण कण्हतंय ते शेजारच्या झोपडीत ऐकू जात नव्हतं, आणि गेलं तरी उठून जाण्याचं बळ कोणात नव्हतं. चालणारे उरले चाचा आणि पाड्यावरच्या दोन भिल्ल बाया. ते तिघं दिवसभर पाणी वाहत होते. ते पोचायच्या आत किती झोपड्यांत माणसं तशीच गेली, ते त्यांनी मला सांगितलं. तो आकडा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही आणि इथेही लिहिणार नाही.

मी विचारलं, "ही प्लेगची साथ नाही हे तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून तोच कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मी आता तो पुरा वाचला. गाठ कोणालाच नाही, उंदीर मेलेले नाहीत, खोकला फार आहे, असं लिहून शेवटी त्यांनी लिहिलं होतं: 'माझे मते लोकांस घरीच ठेवून पाणी व पेज देण्याची तजवीज करावी. परंतु आपला हुकूम होईल तसे करीन.'

मी कागद त्यांना परत दिला. ते म्हणाले, "घरमा ऱ्हातात ते शेजारीन तरी पानी देती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला चूक दाखवत नव्हते. रोग्याबद्दल एक डॉक्टर दुसऱ्याशी बोलतो तसं बोलत होते.

आम्ही त्याच दिवशी माणसं परत आणायला लागलो. पाटलाने दोन गाड्या दिल्या. घरोघरी न सोडता सगळ्यांना शाळेत आणि देवळाच्या सभामंडपात एकत्र ठेवलं, हे चाचांनी सुचवलं. म्हणजे दोन माणसं वीस जणांना पाणी देऊ शकतील. चुलाणावर मोठ्या भगुण्यात पेज शिजू लागली. ज्यांना बसता येत होतं त्यांनी निजलेल्यांना पाजायचं, असं ठरलं. दम लागलेल्या माणसाला पाठीमागे पोतं ठेवून उठतं कसं बसवावं, पेज चमच्याने न देता कापडाचा बोळा भिजवून ओठांत कशी पिळावी, हे मी त्यांच्याकडून शिकलो. सहा दिवस आम्ही दोघं एकत्र राबलो. पूर्वी मी त्यांच्याशी कधी बरोबरीने बोललो नव्हतो. त्या सहा दिवसांत मी त्यांना चाचा म्हणू लागलो. सातव्या दिवसापासून कोणी गेलं नाही. ही साथ ओसरण्याची वेळही असेल. पुढे एका अनुभवी डॉक्टरांनी मला असंही सांगितलं की उघडी हवा या रोगात बरी असते, तेव्हा तुम्ही स्वतःला फार लावून घेऊ नका. पण मोकळ्या हवेने कोणाच्या तोंडात पाणी पडत नाही.

चौकशी दोनएक महिन्यांनी झाली. पाटलाच्या घरातली दोन माणसं शेतातल्या झोपडीत दगावली होती आणि त्याने अर्ज केला होता. अर्जात नाव चाचांचंच होतं; दाखवलेली सही कोणाची हे त्याला वाचता आलं नव्हतं, आणि चौकशीत त्याला कोणी विचारलंही नाही. जिल्ह्याचे साहेब शहाद्याच्या बंगल्यात उतरले, मला आणि चाचांना बोलावलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, प्लेग नसताना गाव का रिकामं केलं?

चाचा म्हणाले, "जसं शिकाडेल व्हतं तसं करं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "गाठ नसलेल्या तापात गाव रिकामं करावं असं तुम्ही शिकवलंत?"

मी म्हणालो, "नाही साहेब. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर गाठ आणि उंदीर ही लक्षणं स्पष्ट दिलेली आहेत."

पुस्तिकेबद्दलचा शब्द न शब्द खरा होता. पुस्तिका टेबलावरच होती. साहेबांनी पहिलं पान उघडून पाहिलं. चाचांच्या कोटाच्या आतल्या खिशात माझ्या सहीचा कागद होता हे मला ठाऊक होतं. त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. ते जमिनीकडे बघत उभे होते. साहेबांचा टाक कागदावर करकरत होता. मी बोलेन म्हणून ते थांबले होते, असं मला नंतर अनेकदा वाटलं. तेव्हा मात्र एकच गोष्ट वाटली, की आता हे कागद काढतील आणि माझी नोकरी जाईल. त्यांनी काढला नाही आणि मला हायसं वाटलं. माझ्या आयुष्यात मी याहून हलकं काही केलेलं नाही.

निकाल असा लागला की चाचांनी समजुतीच्या अभावी, वरिष्ठांच्या हुकमाशिवाय गाव रिकामं केलं. त्यांना साथीच्या कामातून काढलं आणि अक्राणीच्या डोंगरात, मोलगीकडे, नुसत्या देवी काढण्याच्या कामावर पाठवलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला डोंगर चढायला. त्या गावात सहा दिवस राहून केलेल्या सेवेबद्दल मला मात्र शाबासकीचं पत्र आलं. ते मी घरी कोणाला दाखवलं नाही, पण फाडलंही नाही.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. दोनतीन वर्षांनी मी फिरतीवर मोलगीच्या बाजाराला गेलो होतो. एका मोहाच्या झाडाखाली ते बसले होते, भोवती लेकुरवाळ्या बाया. लस उन्हाने बिघडू नये म्हणून पेटीला ओलं फडकं गुंडाळलेलं. त्यांनी मला बसायला घोंगडी अंथरली, फुटाणे दिले, माझ्या घरची चौकशी केली. वाटेत घोड्यावर बसून मी काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं. मी म्हणालो, "चाचा, शहाद्याच्या त्या दिवशी…" त्यांनी हात वर केला. म्हणाले, या बाया पहाटेपासून चालत आल्यात डॉक्टरसाहेब, त्यांना दुपारच्या आत परत जायचं असतं, आधी ही टोचून घेतो. मी हो म्हणालो. त्यांचं काम चाललं होतं तेवढ्यात मी घोडा मागवला आणि निघून आलो. त्यांनी थोडं थांबायला सांगितलं होतं, बोलूच नका असं म्हटलं नव्हतं. मी मात्र ती सुटका समजलो.

पुढे माझी बदली झाली, बढती झाली, आणि साथीच्या कामाचं शिक्षण देणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. वेगवेगळ्या जिल्ह्यांत मी कितीतरी वर्ग घेतले. पुस्तिका पुन्हा लिहिली. आता पहिल्या पानावर कलम नव्हतं, प्रश्न होते: काय दिसतं? कोणाला विचारलं? पाणी कोण देणार? कवायतीत मी मुद्दाम चुकीचा हुकूम देत असे आणि कोण अडवतो ते पाहत असे. पुढे एका तालुक्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली तेव्हा माझ्याच हाताखाली शिकलेल्या एका परिचारिकेने माझा लेखी हुकूम बाजूला ठेवला, कारण मी बंद करायला लावलेल्या विहिरीशिवाय त्या वस्तीला दुसरं पाणीच नव्हतं. तिने तीच विहीर औषध टाकून राखली, पोहरे काढून घेतले, एकच स्वच्छ बादली ठेवली, आणि मला तसं कळवलं. मी तिला शाबासकी दिली. वर्गात मी त्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाची गोष्टही सांगायचो. 'एका गावात चुकीने असा हुकूम गेला' असं म्हणायचो. हुकूम कोणी लिहिला ते सांगत नसे. कोणी विचारलंही नाही.

चाचा गेल्याचं मला खूप उशिरा, कोणाच्या तरी बोलण्यातून कळलं. निवृत्त झाल्यावर मी जिल्ह्याच्या कचेरीला पत्र लिहिलं. अमुक चौकशीत माझी साक्ष अपुरी होती, हुकूम माझा होता, संबंधिताच्या नावाचा शेरा काढावा. महिन्याभराने उत्तर आलं की इतकी जुनी दफ्तरं मुदतीनंतर नष्ट केली जातात, सबब काही करता येत नाही. पत्र सभ्य होतं. शेराही नष्ट झाला होता आणि तो खोटा होता हे सांगायची जागाही.

मग मी नंदुरबारला गेलो. चाचांचा मुलगा शिवणकाम करतो. पन्नाशीला आलेला माणूस, वडिलांसारखाच सावकाश बोलणारा. मी त्याच्या दुकानात बसून सगळं सांगितलं, काही न वगळता. त्याने यंत्राचं चाक थांबवून ऐकलं. अब्बांनी घरी यातलं कधीच काही सांगितलं नाही, म्हणाला. डोंगराची हवा मानवते म्हणून आपण बदली मागून घेतली, असंच ते सांगत. मी माफी मागितली तेव्हा त्याने हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं.

"मला सांगून काय होणार, डॉक्टरसाहेब?" तो म्हणाला. "आमच्या घरात ते कधी गुन्हेगार नव्हतेच. सांगायचं तर त्या गावाला सांगा. तिथे त्यांचं नाव काय म्हणून राहिलंय, अल्लाला ठाऊक."

मी गेलो. आता म्हसावदपर्यंत मोटार जाते. गावात कोणी ओळखीचं नव्हतं. पाटील कधीच वारला होता. त्याच्या नातवाने चावडीच्या ओट्यावर आठदहा माणसं जमवली, आणि मी उभा राहून सांगितलं की तुमचं गाव त्या साथीत बाहेर काढलं ते माझ्या हुकमाने, देवी काढणाऱ्या चाचांचं मत उलटं होतं. तरणी माणसं नम्रपणे ऐकत होती. त्यांच्या दृष्टीने ती त्यांच्या जन्माआधीची हकिकत होती. एकाने विचारलं की गावाला दवाखाना मिळावा म्हणून मी कोणाला लिहू शकेन का.

खाली अंगणात एक बाई भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. साठीची असेल. तिने काम थांबवलं नव्हतं, पण ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर ती वर न पाहता म्हणाली, "मन्हा मालकले त्यानीच खांदा दिन्हा. दुसरं कोनी उभं नव्हतं. तुम्ही तव्हय कोठे व्हतात?"

मी म्हणालो, नंदुरबारला तापात पडलो होतो. तिने मान हलवली आणि मूठभर शेंगा सुपात टाकल्या. तिला ते उत्तर पटलं की नाही मला कळलं नाही. तिच्या नवऱ्याला त्यांनी खांदा दिला हे मला माहीत नव्हतं. अशा किती जणांना दिला, आणि त्यातल्या एकाचाही उल्लेख आमच्या सहा दिवसांत कसा केला नाही, याचा विचार करत मी मोटारीची वाट पाहत बसलो.

परत जाताना नंदुरबारला उतरलो आणि मुलाच्या दुकानात जाऊन ती बाई काय म्हणाली ते सांगितलं. त्याने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी सांगितलं तेव्हा त्याने आपल्या बायकोला आतून बोलावून दाराशी उभं केलं होतं.